चाकोरीबाहेरचे लोक

'चाकोरी' हा शब्द आमच्या चौथीच्या मुलांना शिकवताना मला दरवर्षी खडू खाली ठेवावा लागतो. शब्द अवघड नाही. त्यामागची वस्तू दिसेनाशी झाली आहे. गाडीचे चाक एकाच वाटेने पुन्हापुन्हा गेले म्हणजे जमिनीत जी घळ पडते ती चाकोरी, एवढे सांगितले की पहिल्या बाकावरचे पोर विचारते, "गुरुजी, मग चाकोरीबाहेर जायचं म्हंजे?" मी सांगतो, स्वतःच्या बुद्धीने, नव्या वाटेने जाणे, थोर माणसे असे करतात. गेल्या वर्षापर्यंत हे उत्तर मी बेधडक देत असे. यंदा ते देताना जीभ अडखळली. कारण चाकोरीबाहेर जाण्याचे व्रत घेतलेल्या मंडळींनी आमच्या डोंगरावर पाडलेली चाकोरी मी डोळ्यांनी पाहिली आहे. आणि ती नेमकी तिथेच पडावी म्हणून नकाशा काढून देणारा हात माझा स्वतःचा होता.

वाचकांपैकी ज्यांना या नव्या शौकाची ओळख नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. चारही चाकांना जोर पोचेल अशी जीप घ्यायची, शनिवार-रविवार गाठायचा, आणि जिथे रस्ता नाही तिथे ती घालायची. याला 'ऑफ-रोडिंग' म्हणतात. चिखल जितका जास्त तितकी मजा जास्त, म्हणून याचा खरा हंगाम पावसाळा. दुसऱ्या महायुद्धात रणांगणावरचा चिखल तुडवण्यासाठी जीप जन्माला आली. युद्ध संपले, ती डॉक्टरांकडे आली, कंत्राटदाराकडे आली, निवडणुकीत उभ्या राहणाऱ्यांकडे आली. आता पुण्या-मुंबईच्या तरुण मंडळींनी तिला पुन्हा रणांगण मिळवून दिले आहे. शत्रू तेवढा कोण ते त्यांनी ठरवलेले नाही.

माझा एक जुना विद्यार्थी या मंडळींत आहे. हुशार मुलगा. वडील शेतमजूर, त्याने शिष्यवृत्त्यांवर शिक्षण केले, पुण्यात चांगल्या नोकरीला लागला, आणि पहिल्या पगारात मला धोतरजोडी आणली, मी धोतर नेसत नाही हे ठाऊक असूनही. अशा मुलावर रागावणे सोपे नसते. गेल्या वर्षी आषाढ संपता संपता तो आपल्या तीन मित्रांना घेऊन माझ्या ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "गुरुजी, श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी सड्यावर जायचं ठरतंय. बेत तुमच्यासमोर आखायचा आहे."

सडा म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचे जांभ्या दगडाचे सपाट पठार. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला असे सडे ओळीने पसरले आहेत. युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत घातलेले कासचे पठार हे त्यांतले नाव झालेले भावंड. बाकीची बिननावाची आहेत आणि त्यातच त्यांचे कल्याण होते. आमचा सडा राखीव वनात येतो. तेथे एक धनगरवाडा आहे, सात घरांचा.

त्या संध्याकाळी बेत कसा आखला ते जरा तपशिलाने सांगतो, कारण माझे सारे भांडण त्या बेताशी आहे. मी शाळामास्तर, सहल काढायची म्हणजे काय यातायात असते ते जाणतो. पण या मुलांची तयारी पाहून मी थक्क झालो. पहाटे पाचला पुणे सोडायचे, खंबाटकी उतरून साताऱ्यात न्याहारी. तीन गाड्या, दहा माणसे. चाकांतली हवा तिशीवरून अठरापर्यंत उतरवायची, म्हणजे टायर पसरतो आणि चिखलाला धरून चालतो. परत डांबरी रस्त्याला लागताना ती भरायला पंप. गाडी रुतली तर ओढून काढायला पुढच्या बाजूला विजेवर फिरणारे रहाट बसवलेले, त्याला ते विंच म्हणतात. शिवाय जाड पट्टे, लोखंडी कड्या, फावडे, कुऱ्हाड. बॅटऱ्या, प्रथमोपचाराची पेटी, तंबू, पेट्रोमॅक्सच्या जागी विजेचे कंदील, मक्याची कणसे किती, अंडी किती, कोणाला दुधाचा चहा चालत नाही. वरून चित्रे घेणारे उडते यंत्र. कोणाची गाडी पुढे, कोणाची मागे. परतीच्या वाटेवर कंदी पेढे कोणी घ्यायचे, इथपर्यंत सारे लिहून झाले. मी मनात म्हटले, आमच्या शिक्षण खात्याने इतका विचार एका वर्षात केला असता तर!

त्या यादीत तीन गोष्टी नव्हत्या, आणि त्या नाहीत हे मलाही त्या वेळी सुचले नाही. एक, हे रान कोणाचे आणि तेथे शिरायला कोणाला विचारायचे. दोन, श्रावणात त्या जमिनीत काय चाललेले असते. तीन, तेथे कोणी राहते काय.

मला का सुचले नाही ते सांगण्यावाचून सुटका नाही. त्या मुलाने पिशवीतून माझी कादंबरी काढली. धनगरांच्या जगण्यावर मी बारा वर्षांमागे एक कादंबरी लिहिली. तिच्यासाठी दोन-तीन पावसाळे त्या वाड्यात राहिलो, म्हशींमागे हिंडलो. तिच्या प्रती अजून प्रकाशकाच्या माळ्यावर आहेत. आणि हा मुलगा सातव्या प्रकरणावर बोट ठेवून म्हणतो, "गुरुजी, ही जुनी गाडीवाट, पवनचक्क्यांच्या रस्त्यावरून फुटून सड्यावर जाते ती, खरी आहे का हो?" लेखकाला आपला वाचक भेटणे ही काय चीज आहे ते ज्यांची पुस्तके खपतात त्यांना कळायचे नाही. मी उठलो, चाचणी परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकेवर पेन्सिलीने वाट काढली, ओढे काढले, वाडा काढला, आणि वर "येथे पाणी गोड" असे सुवाच्य अक्षरात लिहून दिले.

ते गेले, आले, मला चित्रे पाठवली. चिखलाने माखलेल्या गाड्या, हसणारी तोंडे, धुके. मी "छान" असे लिहून कळवले.

कार्तिकात मी वर गेलो तो सहजच गेलो होतो. वाड्यातल्या आजीने घोंगडे टाकले, ताक दिले, आणि इकडची तिकडची चौकशी न करता म्हणाली, "मास्तर, चला, तुमास्नी पानी दावते."

त्या पाण्याची रचना अशी. जांभा हा सच्छिद्र दगड; सड्यावर पडलेला पाऊस तो स्पंजासारखा पितो आणि कडेला, उतारावर, झऱ्यांच्या रूपाने महिनोन्महिने सोडत राहतो. वाड्याच्या वरच्या अंगाला अशी एक पाणथळ आहे. तिच्या खालच्या तोंडाला धनगरांच्या आज्या-पणज्यांनी दगड आणि चिकणमातीचा गुडघाभर उंचीचा बांध घातलेला. त्या बांधाने पाणी वळते आणि खडकात कोरलेल्या कुंडात उतरते. एवढ्यावर सात घरे आणि त्यांची जनावरे चैत्रापर्यंत निभतात. मी पाहिले तेव्हा बांध दोन जागी फुटलेला होता, आणि त्या दोन फटींतून दोन चाकोऱ्या, सरळ, समांतर, मांडीइतक्या खोल, पाणथळ चिरून पलीकडच्या कड्याकडे गेल्या होत्या. पाणी कुंडाकडे पाठ फिरवून त्या चाकोऱ्यांतून कड्याखाली चालले होते. जवळच्या अंजनीच्या झाडाला विंचचा पट्टा घातला असावा. खोडाची साल चौफेर सोललेली होती, पाने गळून गेली होती.

"दोनदा बुजवलं मास्तर," आजी म्हणाली. "भादव्याच्या पावसानं दोनदा काढून न्हेलं. खालची जमीनच खचलीया."

मी विचारले, "आजी, तुम्ही त्यांना अडवलं नाही?"

"आडवनार हुतो की. पर त्यातलं एक पोरगं म्हनालं, आमास्नी गुरुजींनी धाडलंय. कागूद दावला तुमच्या हातचा. म्या म्हनलं, मास्तरांनी धाडल्यात म्हंजे चांगली मानसं असतील. ताक दिलं समद्यास्नी."

यावर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा काही बोललो नाही. कुंड त्या वर्षी माघ संपायच्या आत आटले. बायका खालच्या ओढ्यावर जाऊ लागल्या. उतरायला अर्धा तास, भरली घागर घेऊन चढायला त्याहून पुष्कळ जास्त. त्यांतल्या एकीची मुलगी माझ्या शाळेत चौथीला आहे. फाल्गुनात तिची हजेरी निम्म्यावर आली, आणि हजेरीपुस्तकात तिच्या नावासमोर गैरहजेरीची फुली मीच रोज मारीत होतो.

आता यावर काही सुज्ञ मंडळी म्हणतील की, पवनचक्कीवाल्यांनी सड्यांवर मोठमोठे रस्ते खोदले तेव्हा तुमची लेखणी कुठे होती? वनकुसवड्याच्या पठारावर शेकड्यांनी पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा कुठे होती? प्रश्न रास्त आहे. ती तेव्हा कादंबरी लिहीत होती. पण मागच्या चोराला सोडले म्हणून पुढच्याला वाट मोकळी करावी, हा न्याय मला पटत नाही. शिवाय जीपा सड्यावर चढल्या त्या त्याच रस्त्यांवरून. एकाने दार फोडले, दुसरा आत शिरला.

दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे. म्हणे धनगरांच्या शेकडो म्हशी तीच जमीन तुडवतात, मग तीन गाड्यांनी काय बिघडते? हा युक्तिवाद करणाऱ्याने पावसाळ्यात एकदा म्हशीमागे चालावे. म्हशीचा खूर चिखलात रुततो तेव्हा एक वाटी पडते. त्या वाटीत पाणी साठते, बेडूक अंडी घालतो, गवताचे बी अडकते. दुसरा खूर दुसरीकडे पडतो, दुसरी वाटी होते. चाक वाट्या पाडीत नाही. चाक पाट काढते. अखंड, उताराला लागलेला पाट. पाणी पाटाने धावू लागले की माती बरोबर नेते, आणि सड्यावर माती असते किती? काही ठिकाणी चार बोटे, काही ठिकाणी दोन. ती साठायला किती पिढ्या लागल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्या दोन बोटे मातीत श्रावण-भाद्रपदात जे चालते ते मी पोटावर पडून पाहिले आहे. गेंदाचे पांढरे गोंडे, सीतेच्या आसवांची निळी फुले, चिकट थेंबांनी किडे धरणारे दवबिंदूचे रोप, आणि वायतुरा. हा वायतुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुपेडी तुरा काढतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, कारण तो या भागातल्या सड्यांवरच प्रामुख्याने सापडतो. वर्षातले आठ महिने तो कंदाच्या रूपाने मातीखाली झोपलेला असतो आणि नेमका पावसाळ्यात, गाड्यांच्या हंगामात, वर येतो. तंबू ठोकणाऱ्या मंडळींना हे ठाऊक नसेल तर तो त्यांचा दोष म्हणणार नाही. पण टायरातल्या हवेचा आकडा पाठ करणाऱ्या डोक्यांत एका फुलाचे नाव मावत नाही, असे मी मानायला तयार नाही.

आणि कायदा? त्याच दिवाळीच्या सुमारास आजीच्या पुतण्याची म्हैस वनखात्याच्या रोपवनात शिरली आणि त्याला पावती झाली. जीपांना झाली नाही. मी तेथल्या वनरक्षकाला भेटलो. भला माणूस. त्याच्याकडे किती गावांचे रान आहे ते त्याने बोटांवर मोजून दाखवले आणि दोन्ही हातांची बोटे पुरली नाहीत. दुचाकी त्याची स्वतःची. श्रावणात ती सड्यावर चढत नाही. म्हणाला, "गुरुजी, म्हैस पळत नाही, म्हणून ती सापडते."

मी वकील नव्हे. पण वाक्य कसे बांधले आहे हे पाहणे हा मराठी शाळेच्या मास्तरचा धंदाच आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे सव्विसावे कलम राखीव वनात काय करू नये ते सांगते, आणि त्यात आगंतुकपणे शिरणे, गुरे चारणे व गुरे शिरू देणे या गोष्टी एकाच उपवाक्यात, 'किंवा' या अव्ययाने जोडून, शेजारी शेजारी बसवल्या आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने म्हैस आणि जीप यांच्यामध्ये फक्त एक 'किंवा' आहे. मूळ कलमात शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९२७ साली पाचशे रुपये म्हणजे धनगराचे सारे खांड. आज तेवढ्यात जीपचा चिखलही धुऊन मिळायचा नाही. आकडे पुढे बदलले, बदलतील; मला नवल वाटते ते त्या 'किंवा'चे. लिहिणाऱ्याने दोघांना एका ओळीत बसवले आणि अंमल करणाऱ्यांनी त्यांतला एकच वाचला.

या रानांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हाच जंगल खात्याने कुणब्या-धनगरांची गायराने गिळल्याची तक्रार त्यात केली होती. १९३० च्या जुलैत बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव रानात गवत कापून कायदा मोडला आणि ते तुरुंगात गेले. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरण तालुक्यातल्या चिरनेरला, अक्कादेवीच्या माळावर, जंगल सत्याग्रह करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. मेली ती गवतासाठी, लाकूडफाट्यासाठी, रानात पाय टाकण्याच्या हक्कासाठी. स्वराज्य आले, आणि २००६ साली वनहक्काचा कायदाही आला, चांगला आला. पण त्यातही आमच्या गवळी-धनगराची गणना आदिवासींत नसल्यामुळे त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणावा लागतो. निरक्षर आजीने पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणायचा? आणि या मुलांना त्याच रानात शिरायला कोणता कागद लागला? माझ्या उत्तरपत्रिकेचा. त्यावर परीक्षकाची सहीसुद्धा नव्हती.

आमची शहरी मंडळी रानाला 'सरकारी जंगल' म्हणतात आणि 'सरकारी' या शब्दाचा अर्थ मनातल्या मनात 'कोणाचेही नाही' असा करतात. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या गाडीला ही मुले बोट लावणार नाहीत. तेवढी ती सभ्य आहेत. पण सात घरांच्या पाण्यावरून तीन गाड्या नेताना त्यांना आपण कोणाच्या घरात शिरतो आहोत असे वाटले नाही. घर म्हटले की त्यांना दार लागते, कुलूप लागते, नावाची पाटी लागते. वाड्याच्या पाण्याला पाटी नाही. तो बांध त्यांनी दुष्टपणाने फोडला नाही. त्यांना तो बांध दिसलाच नाही. "आम्हाला वाटलं दगड पडलेत," असे माझा विद्यार्थी मला पुढे म्हणाला, आणि तो खोटे बोलत नव्हता. माझ्या मते गुन्हा तिथेच आहे. न दिसण्याचा.

परदेशात हे सर्रास चालते, असे एकाने मला सुनावले. चालते खरे. पण कसे चालते तेही पाहावे. अमेरिकेत वाट सोडून हिंडणाऱ्या वाहनांनी सरकारी जमिनींची दशा केली तेव्हा १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी हुकूम काढला की, संघराज्याच्या जमिनींवर अशा वाहनांसाठी कोणत्या वाटा खुल्या आणि कोणत्या बंद ते ठरवून जाहीर करा. आणि ठरवताना माती, झाडे, वन्य पशू आणि त्या जागेचा उपयोग करणारी इतर माणसे यांची हानी कमीत कमी होईल असे पाहा. १९७७ साली कार्टर यांनी त्यात भर घातली की, हानी होताना दिसली तर ती वाट ताबडतोब बंद करा. हा निक्सन काही साधुपुरुष नव्हता, हे वाचकांना सांगायला नको. त्यालासुद्धा जे कळले ते आमच्याकडे कोणाला अजून कळू नये? आपल्याकडे अभयारण्यात शिरायला परवाना लागतो, तिथे फाटक असते. साध्या राखीव वनाला मात्र फाटक घाटाच्या तोंडाशी असते आणि बाकी तिन्ही बाजू उघड्या.

मी या खेळाचा शत्रू नाही. हे लिहिणे मला भाग आहे, नाहीतर म्हाताऱ्या मास्तरची कुरकुर म्हणून हे पान उलटले जाईल. आणि मी अजून पन्नाशीचाही नाही. २०१८ च्या केरळातल्या महापुरात अशाच हौशी जीपवाल्यांनी, जिथे दुसरे वाहन जाईना तिथून माणसे बाहेर काढली. आमच्या वाड्यावरची बाळंतीण खाली येते तीही कोणाच्या तरी जीपमधून येते, अँब्युलन्स तेथवर पोचत नाही. गाडी चालवण्याचे कसब हे कसबच आहे. रुतलेली गाडी धीराने, एकमेकांच्या मदतीने बाहेर काढणे यात मुले पुष्कळ शिकतात. मग ते कसब नांगरटीच्या पडीक शेतात, मालकाला विचारून, त्याला दोन पैसे देऊन का दाखवू नये? बंद पडलेल्या खडीच्या खाणी काय थोड्या आहेत? पण नाही, तेथे धुके नसते, फुले नसतात, चित्रे चांगली येत नाहीत. म्हणजे ज्याच्यासाठी जायचे त्याच्यावरूनच गाडी घालायची. याला निसर्गप्रेम म्हणतात हे मी त्या मुलांच्याच तोंडून ऐकले आहे. लाडू आवडतो म्हणून कोणी त्याच्यावर बसत नाही.

वनखात्याकडे माझे मागणे थोडे आहे. वाटा ठरवा. कोणत्या गाडीवाटेने, कोणत्या महिन्यांत, किती गाड्या, हे वाड्या-वस्त्यांना विचारून ठरवा आणि फळ्यावर लिहा. पावसाळ्यात सडे सरसकट बंद ठेवा. ज्या हाताने म्हशीची पावती फाडता त्याच हाताने जीपची फाडा, आणि ती फाडायला जाणाऱ्या वनरक्षकाला सड्यावर चढेल असे वाहन द्या. बेत आखणाऱ्या तरुण मंडळींकडे तर एकच मागणे आहे: यादीच्या माथ्यावर, हवेच्या आकड्याच्याही आधी, वाड्यावरच्या माणसाचे नाव असू द्या. आधी एकदा पायी जाऊन त्याला विचारून या. तो नको म्हणाला तर खंबाटकीच्या अलीकडूनच मागे फिरा. पेढे पुण्यातही मिळतात.

आणि कादंबरीकारांना, म्हणजे प्रथम मला: रानाचे वर्णन करताना वाटा थोड्या चुकवून लिहाव्यात. माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव नाही. पण निघाली तर सातव्या प्रकरणातली गाडीवाट मी पुसून टाकणार आहे. त्याने साहित्याचे नुकसान होईल असे मला वाटत नाही.

यंदा भाद्रपदात त्या विद्यार्थ्याचा फोन आला. "गुरुजी, या वर्षी कुठला सडा?" गेल्या फाल्गुनात मी त्याला सारे लिहून कळवले होते, उत्तरात त्याने माफी मागितली होती आणि काही पैसे पाठवले होते. ते आजीने घेतले नाहीत, म्हणाली, "पैशाला पानी येतंय व्हय?" मी त्याला फोनवर सांगितले की, सडा तोच. दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार वाड्याने बांध घालायला धरला आहे. कड्याकडे गेलेल्या दोन्ही चाकोऱ्या दगडांनी भरायच्या आहेत. दगड खालून वाहावे लागतील, दहा माणसे असली तर दोन दिवसांचे काम आहे. गाड्या एस. टी.च्या थांब्यापाशी ठेवाव्यात, पुढे चालत यावे. पट्टे नकोत, विंच नको, उडते यंत्रही नको. यादीतले फावडे तेवढे घेऊन या, आणि एक नसले तर बरे, तीन-चार आणा.

तो म्हणाला, "मित्रांना विचारून कळवतो, गुरुजी."

हा मजकूर संपादकांकडे जाईपर्यंत त्याचे कळवणे आलेले नाही. आजीने मात्र दहा माणसांच्या भाकरीचे पीठ दळून ठेवले आहे.